प्रतिस्पर्ध्याला दुखापत झाली तर काय करावे: नवख्या खेळाडूंसाठी, पालकांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की सोलापुरात कराटे, ज्युदो, तायक्वांदो आणि कुस्ती या खेळांत दरवर्षी अनेक मुले-मुली पहिल्यांदाच मॅटवर उतरतात. त्यांची तयारी बहुधा चांगली झालेली असते. डाव बसलेले असतात, दम वाढलेला असतो, वजनही गटात आणलेले असते. मात्र समोरचा खेळाडू लागून खाली बसला तर आपण नेमके काय करायचे, याची तयारी क्वचितच कोणी करून घेतलेली दिसते. घरचे संस्कार चांगले असले की मूल त्या वेळी आपोआप नीट वागेल, अशी आपली समजूत असते आणि ती फसवी आहे. छाती धपापत असताना, कानांत आरडाओरडा भरलेला असताना आणि समोर रक्त दिसत असताना बारा-तेरा वर्षांच्या मुलाला विचार करून वागता येत नाही. जे अंगवळणी पडले आहे तेच त्याच्या हातून घडते. म्हणून जखमी प्रतिस्पर्ध्याशी कसे वागायचे हेही एखाद्या डावासारखे सरावात घोटून घ्यावे लागते, आणि ते कसे घोटावे हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

स्पर्धेच्या आधी

सुरुवात नियमपुस्तिकेपासून करावी. कोणत्या वयोगटात किती स्पर्श चालतो हे खेळागणिक आणि स्पर्धेगणिक बदलते. कराटेत डोक्याकडे जाणारा ठोसा ताब्यात ठेवावा लागतो आणि लहान गटांत चेहऱ्याला स्पर्शच चालत नाही. ज्युदोत लहान मुलांना सांधा पिरगळण्याचे आणि गळा आवळण्याचे डाव बहुधा बंद असतात, तर तायक्वांदोत डोक्यावरच्या किकबद्दल गटागटाने निरनिराळी बंधने असतात. खुल्या स्पर्धेचे नियम शालेय स्पर्धेसारखेच असतील असे गृहीत धरू नये. स्पर्धेचे पत्रक हाती आल्यावर प्रशिक्षकांनी हे नियम मुलांना वाचून दाखवावेत, आणि शक्य असेल तर पालकांनाही त्याच वेळी बसवून घ्यावे, कारण नियम माहीत नसलेला पालक गॅलरीतून नेमके नियमाबाहेरचे काहीतरी ओरडून सांगतो.

साहित्याची तपासणी ही समोरच्याची काळजी घेण्याची पहिली कृती आहे, असे मुलांना स्पष्ट सांगावे. आपले माउथगार्ड आपल्या दातांसाठी असते. पण हातापायांची नखे, मनगटातला कडा, गळ्यातला किंवा पायातला काळा दोरा, कानातले, केसांतल्या पिना हे सगळे समोरच्याला लागते. दोरा काढण्याबद्दल घरी हरकत असेल तर तो आदल्या दिवशीच देवघरात ठेवून यावा, म्हणजे मॅटच्या कडेला वादावादी होत नाही.

यानंतर मुख्य सराव. जोडी निम्म्या वेगाने खेळत असताना प्रशिक्षकाने दोघांपैकी एकाला आधी गुपचूप ठरवून दिलेली खूण करावी, म्हणजे तो खेळता खेळता अचानक गुडघ्यावर बसेल. समोरच्याने निघालेला हात किंवा पाय तिथल्या तिथे आवरावा, एक पाऊल मागे घ्यावे, पंचाकडे पाहून हात वर करावा आणि मॅटवरच्या आपल्या सुरुवातीच्या खुणेवर जाऊन थांबावे. प्रशिक्षकाने त्या वेळी पाहायचे ते असे, की हात कुठे थांबला, नजर कुठे गेली आणि तोंडातून काही शब्द निघाला का. पहिल्या काही वेळा मुले हसतात, काही जण धावत जाऊन जोडीदाराला काखेतून धरून उचलू लागतात, आणि एखादा सवयीने अजून एक ठोसा मारून मोकळा होतो. यात रागावण्यासारखे काही नाही, कारण हे सरावात दिसले तरच सुधारता येते. आठवड्यातून एकदा, वर्गाच्या शेवटी अंग थकलेले असताना हा सराव घ्यावा. ताज्या अंगाने केलेला सराव लढतीच्या शेवटच्या मिनिटात उपयोगी पडेलच असे नाही.

दुखापत होते त्या क्षणी

समोरच्याला लागले आहे हे पुष्कळदा पंचांच्या आधी खेळणाऱ्यालाच कळते, कारण तो हाताच्या अंतरावर असतो. अडकलेला श्वास, पाय टेकताना उठलेली कळ, एकदम गळालेले हात आणि कुठेच न पाहणारी नजर आधी त्याला दिसते. पंचांनी लढत थांबवलेली नसेल तर अशा वेळी हल्ला थांबवावा, बचावाची ठेवण न सोडता मागे सरून अंतर घ्यावे आणि पंचांना दिसेल असे थांबावे. यात एखादा गुण हुकू शकतो, आणि तो हुकू द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. लहान वयोगटाच्या स्पर्धेतला कोणताही गुण इतका मोलाचा नसतो की तो भान हरपलेल्या मुलाला मारून मिळवावा.

कराटेत ‘यामे’, ज्युदोत ‘माते’ किंवा तायक्वांदोत ‘कल्यो’ हा पुकारा झाला की पुढचे ठरलेले असते. हात खाली, पाऊल मागे, आपल्या खुणेवर. काही स्पर्धांत तिथेच उभे राहायला सांगतात, तर काही ठिकाणी मॅटच्या कडेला जखमी खेळाडूकडे पाठ करून गुडघ्यांवर बसण्याची पद्धत आहे. आपल्या स्पर्धेत कोणती पद्धत आहे ते सकाळीच पंचांना विचारून घ्यावे. घाबरलेली मुले अशा वेळी कित्येकदा कसनुसे हसतात. मुलाच्या मनात वाईट काही नसते, पण समोरच्याच्या आईला ते हसू दिसते आणि ते तिच्या मनातून जात नाही. म्हणून नजर मॅटवरच्या आपल्या खुणेवर ठेवायची हे सरावातच शिकवावे. मूठ वर करणे, प्रशिक्षकाकडे पाहून अंगठा दाखवणे, मित्रांकडे वळणे यांतले काहीही करू नये. गुण मिळालेला असला तरी करू नये.

जखमी मुलाला हात लावू नये, हे नवख्यांना पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण पडलेल्याला उचलणे म्हणजे माणुसकी असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार बसला असेल तर उचलण्याने तो वाढतो. डोक्याला मार बसलेल्या मुलाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते आणि उलटी झाल्यास धोका वाढतो. तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे, मान चोळणे, पाय ओढून बसवणे हे आपल्याकडचे नेहमीचे उपाय मॅटवर पूर्ण वर्ज्य समजावेत. प्रतिस्पर्ध्याने करायची मदत एवढीच, की जागा मोकळी करावी आणि विचारले तर काय घडले ते खरे सांगावे. “माझी टाच त्याच्या कानाच्या वर लागली” हे एक प्रामाणिक वाक्य डॉक्टरांच्या फार उपयोगाचे असते, मग त्याने आपल्यावर दंड लागला तरी चालेल.

उन्हाळी स्पर्धांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या छताखालचा हॉल दुपारी भट्टीसारखा तापतो. वजन उतरवण्यासाठी सकाळपासून उपाशी राहिलेले मूल मार न लागताही भोवळ येऊन पडते. त्यामुळे कोणी पडले की समोरच्यावर “मारलं, मारलं” असा गलका करण्याआधी मॅटवरच्या पंचांना आणि डॉक्टरांना त्यांचे काम करू द्यावे.

खुर्चीवरचे प्रशिक्षक आणि गॅलरीतले पालक

लढत थांबलेली असताना प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूला जखमेचा फायदा घ्यायला सांगणे, म्हणजे “त्याचा उजवा पाय गेलाय, तिथेच मार” असे काही कानात घालणे, याहून मोठा अपराध मला या खेळात दिसत नाही. मुलाच्या अंगी जे थोडे भान असते ते त्या एका वाक्याने पुसले जाते, कारण सरांनी सांगितलेले बरोबरच असणार असे ते धरून चालते. त्या अर्ध्या-एक मिनिटात प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूला श्वास सावकाश घ्यायला सांगावे, तोही घाबरला आहे का ते पाहावे आणि गप्प बसावे. वेळेबद्दल किंवा गुणांबद्दल तक्रार असेल तर ती जखमी मुलगा मॅटवरून बाहेर गेल्यावर, ठरलेल्या मार्गाने करावी.

पालकांवरचा ताण मला कळतो. जिल्ह्यातला विजय विभागाकडे नेतो, विभागातला राज्याकडे. पुढे दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण यांचा हिशेब अनेक घरांत मुलाच्या पहिल्याच स्पर्धेपासून सुरू झालेला असतो. तरीही दुसऱ्याचे मूल मॅटवर विव्हळत असताना “नाटक करतोय, फाइट चालू करा” असे गॅलरीतून ओरडणाऱ्या पालकाने हे लक्षात घ्यावे की ते वाक्य त्याचे स्वतःचे मूलही ऐकत असते. मोबाइलवरचे चित्रीकरण त्या क्षणी बंद करावे. रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ स्टेटसवर ठेवू नये, आणि आपल्या मुलाचा डाव त्यात सुंदर दिसत असला तरी तो भाग कोणाला पाठवू नये.

मदत करायचीच असेल तर एका प्रकारे जरूर करता येते. आपल्या शहरात घराघरांत मराठीइतक्याच सहजतेने तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलली जाते, आणि दुखावलेले, घाबरलेले मूल प्रश्नांची उत्तरे घरच्या भाषेतच देते. डॉक्टरांना किंवा पंचांना ती भाषा येत नसेल आणि आपल्याला येत असेल, तर दूर उभे राहून आधी परवानगी मागावी आणि मग त्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलावे. कुठे दुखते, नाव काय, आज कोणाबरोबर आलास, एवढे विचारले तरी मूल शुद्धीत आहे की नाही याचा अंदाज डॉक्टरांना येतो.

खेळायचे की थांबायचे

हा निर्णय डॉक्टर आणि पंच यांचा असतो. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार पडलेला खेळाडू लगेच उभा राहिला नाही तर पंच दहापर्यंत मोजतात, आणि तेवढ्यात तो पूर्ण उभा राहिला नाही तर त्याला त्या स्पर्धेतल्या कुमितेमधून, म्हणजे दोघांच्या लढतींच्या प्रकारातून, बाहेर काढले जाते. तायक्वांदोत उपचारासाठी एक मिनिट मिळते. डोक्याला मार बसल्यानंतर डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेली उत्तरे, तोल जाणे, झोप येणे किंवा घडलेले न आठवणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्या मुलाने त्या दिवशी पुन्हा खेळू नये. मूल आणि त्याचे पालक कितीही आग्रह करोत. प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकाला असे लक्षण दिसले तर त्याने ते पंचांच्या कानावर घालावे. आपला खेळाडू जिंकावा म्हणून हे सांगितले, असा संशय कोणी घेईल. तो घेऊ द्यावा.

लढत पुन्हा सुरू झाली तर

नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. समोरचा लंगडत परत आला आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. आता पूर्ण ताकदीने खेळायचे का? माझे उत्तर असे, की खेळ पूर्ण खेळावा, पण दुखावलेल्या जागेला लक्ष्य करू नये. उगाच ढिले खेळणे, मुद्दाम गुण सोडणे हा समोरच्याचा अपमान असतो आणि तो त्याला लगेच कळतो. त्याच्या दुखऱ्या पायावर मात्र मुद्दाम मारू नये, ज्युदोत तोच पाय आपल्या पायाने झाडून त्याला पाडू नये. उरलेले सगळे अंग आणि सगळे डाव आपल्याला मोकळे आहेत.

या बाबतीत १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधली ज्युदोच्या खुल्या गटाची अंतिम लढत मुलांना अवश्य सांगावी. जपानचे यासुहिरो यामाशिता यांच्या उजव्या पोटरीचा स्नायू आधीच्या लढतीत दुखावला होता आणि ते उघडपणे लंगडत होते. समोर इजिप्तचे मोहम्मद रशवान होते. यामाशितांनी त्यांना जमिनीवर दाबून धरून सुवर्णपदक जिंकले. जखमी पायाला लक्ष्य करायचे नाही असे आपण ठरवले होते, असे रशवान यांनी नंतर सांगितले. पदक समारंभात चौथऱ्यावर चढताना यामाशितांना त्यांनी आधारही दिला, आणि पुढे त्यांचा आंतरराष्ट्रीय फेअर प्ले सन्मानाने गौरव झाला. मुलांना गोष्ट सांगताना एक तपशील गाळू नये: रशवान ती लढत हरले. चांगले वागले की विजय मिळतो असे मुलांना सांगितले, तर पहिल्याच पराभवानंतर ती आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

लढत चालू असताना समोरच्याला बचावच करता येत नाही असे दिसले, तर पुन्हा मागे सरावे आणि पंचांकडे पाहावे. सरावात घोटलेली तीच हालचाल इथे दुसऱ्यांदा कामी येते.

निकाल लागताना

दुखापतीमुळे मिळालेला विजय आणि दुखापत केल्यामुळे आलेला पराभव हे दोन्ही मुलांना पचत नाहीत. समोरचा माघार घेतो तेव्हा पंच हात वर करतात. त्या वेळी वाकून नमस्कार करावा, पंचांचे आभार मानावेत आणि शांतपणे बाहेर यावे. तालमीतल्या मुलांना हे लवकर समजते, कारण सलामी झडल्यावर जितक्या जोराने लढायचे तितक्याच अदबीने समोरच्या पैलवानाला भेटून आखाड्याबाहेर यायचे, हे वस्ताद त्यांना लहानपणीच शिकवतात.

आपला डाव आवरला गेला नाही म्हणून बाद ठरवले गेले तर वाद घालू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ रोजी, ७५ किलोवरील कराटेच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची किक डोक्याला लागून इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला, हामेदी बाद झाला आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळाले. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत हा नियम लागू होतो, तर जिल्हास्तरावर तो लागू झाला यात अन्याय काही नाही, हे मुलाला समजावता येते.

कधी कधी पालक याच्या पुढे जाऊन त्यागाची अपेक्षा करतात. अमेरिकेच्या २०००च्या ऑलिंपिक निवड चाचणीत एस्थर किम हिने गुडघ्याची वाटी सरकलेल्या आपल्या जिवलग मैत्रिणीसाठी, के पो हिच्यासाठी, तायक्वांदोची अंतिम लढत सोडून दिली होती. हे उदाहरण मोठे आहे, पण ते आपल्या मुलावर लादू नये. असा निर्णय खेळाडूने स्वतः, समजून-उमजून घ्यायचा असतो. गॅलरीतून किंवा खुर्चीवरून कोणी तो घ्यायला लावला तर ती सक्ती होते.

जखमी होण्याची पाळी आपल्यावर आली तर जेवढे लागले तेवढेच दाखवावे. दुखापत वाढवून दाखवल्याबद्दल कराटेत दंड होतो, आणि समोरच्या निरपराध मुलावर त्याने ठपका येतो. दुखणे लपवणेही तितकेच चुकीचे आहे.

मॅटवरून उतरल्यावर

डॉक्टरांचे काम संपल्यावर, आपल्या प्रशिक्षकाला सोबत घेऊन जखमी खेळाडूला भेटायला जावे. आधी त्याच्या प्रशिक्षकांना विचारावे, “सर, आम्ही भेटलो तर चालेल का?” नको म्हणाले तर निमूट परत यावे आणि नंतर निरोप पाठवावा. भेटल्यावर लांबलचक बोलू नये. “माझ्याकडून लागलं, लवकर बरा हो” इतके पुरे. आपल्या मुलाने माफी मागितली तर दोष कबूल केल्यासारखे होईल, ही भीती पालकांनी सोडून द्यावी. पंचांचा निकाल माफीवर ठरत नाही.

तिथे हाताशी काही साहित्य असेल तर ते दोन्ही संघांचे समजावे. बर्फ थेट कातडीवर न ठेवता स्वच्छ टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. नाकातून रक्त येत असेल तर मान मागे न टाकता पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. पक्का दात मुळासकट निघाला असेल तर तो मुळाकडून न धरता, न घासता दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. बेशुद्धी, वारंवार उलट्या, मानेत कळ किंवा हातापायाला मुंग्या असतील तर १०८ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला हलवू नये. जखमी मुलाबरोबर कोणी मोठे माणूस नसेल, त्याचे गाव लांब असेल, तर सिव्हिलपर्यंत सोबत जाणारा कोणीतरी आपल्या संघातून द्यावा. अक्कलकोट, बार्शी, करमाळ्याहून आलेल्या संघांत कित्येकदा दहा-बारा मुलांमागे एकच शिक्षक असतो आणि त्याला बाकीची मुले सोडून जाता येत नाही.

ज्याच्या हातून दुखापत झाली त्या मुलाकडेही लक्ष ठेवावे लागते. ते त्या रात्री जेवत नाही, पुढचे काही दिवस सरावात ठोसा अर्ध्यावरून मागे घेते किंवा क्लासला येणेच टाळते. त्याला “खेळात असं होतंच” म्हणून झटकून टाकू नये आणि दिवसभर तोच विषयही काढू नये. दुसऱ्या दिवशी पालकांनी किंवा प्रशिक्षकांनी समोरच्या प्रशिक्षकांना फोन करून तब्येत विचारावी आणि कळलेली खरी बातमी मुलाला सांगावी, चांगली असो वा वाईट. मग पहिल्या सरावाला त्याला हलक्या, ताब्यातल्या डावांपासून सुरुवात करून द्यावी, विश्वासातला जोडीदार द्यावा, आणि वर्गाच्या शेवटी थांबण्याचा तो नेहमीचा सराव त्याच्याकडूनही, इतरांसारखाच, करून घ्यावा.